'अलाऊ' दाबण्याआधी थांबा! ॲपला दिलेली परवानगी म्हणजे घराची किल्लीच

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाईल येते. नाव असतं 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान यादी' किंवा 'आरटीओ चलन'. पाठवणारा नंबर कधी अनोळखी, तर कधी चक्क पाहुण्यांचा. फाईल उघडायला गेलं की फोन दोन-तीन प्रश्न विचारतो. प्रश्न इंग्रजीत असतात, घाई असते, म्हणून जिथे 'अलाऊ' दिसेल तिथे बोट पडतं. एवढं करूनही पत्रिका उघडत नाही. "फाईल खराब असंल" म्हणून माणूस फोन खिशात घालतो आणि वैरणीला निघून जातो.

खरं तर फाईल खराब नसते. ती पत्रिकाच नसते.

ऑगस्ट 2025 मध्ये हिंगोली जिल्ह्यात असंच घडलं. एका सरकारी कर्मचाऱ्याला अनोळखी नंबरवरून 30 ऑगस्टच्या लग्नाचं निमंत्रण आलं. सोबतची फाईल त्यांनी उघडली आणि खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले. त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये हिमाचल प्रदेश पोलिसांनीही व्हॉट्सॲपवर येणाऱ्या अशा लग्नपत्रिकांबद्दल लोकांना सावध केलं होतं. म्हणजे हा प्रकार एका जिल्ह्यापुरता नाही.

करवीरपासून चंदगडपर्यंत आज घरोघरी स्मार्टफोन आहे. उसाचं बिल, दर दहा दिवसांचं दुधाचं बिल, पीएम किसानचे 2,000 रुपये, लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये, सगळं खात्यावर येतं आणि मेसेज त्याच फोनवर पडतो. चोराला आता घर फोडावं लागत नाही. घरमालकानेच 'अलाऊ' दाबून किल्ली हातात दिली की झालं. म्हणून ही परवानगी नेमकी काय असते, कोणती द्यायची, कोणती नाही आणि चुकून दिली तर काय करायचं, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

परवानगी म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे दारात कुणी आलं की त्याला सोप्यात बसवतात. पाणी देतात, चहा देतात. पण तो माणूस उठून माजघरात जात नाही, तिजोरी उघडत नाही. घरात घ्यायचं तर ते घरचा माणूस ठरवतो.

फोनमध्येही तसंच आहे. अँड्रॉइड फोनमधलं प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत बंद असतं. एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या खोलीतली माहिती आपणहून दिसत नाही. तुमचे मेसेज, फोटो, नंबरांची यादी, कॅमेरा, माईक, तुम्ही कुठे आहात ते ठिकाण, हे सगळं आतल्या घरात ठेवलेलं असतं. ॲपला त्यातलं काही हवं असेल तर फोन तुम्हाला विचारतो, "याला आत सोडू का?" तोच तो 'अलाऊ' आणि 'डोन्ट अलाऊ'चा प्रश्न.

2015 मध्ये अँड्रॉइडची सहावी आवृत्ती आली, तिच्या आधी हे विचारणं एकदाच व्हायचं. ॲप घेताना भली मोठी यादी दिसायची आणि सगळं कबूल करावं लागायचं. 2015 नंतर ज्या वेळी जे लागेल त्या वेळी ते विचारायची पद्धत आली. पुढे 2020 च्या अकराव्या आवृत्तीत 'फक्त या वेळेपुरतं' हा पर्याय आला. 2021 च्या बाराव्या आवृत्तीपासून कॅमेरा किंवा माईक चालू असला की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. म्हणजे फोन बनवणाऱ्यांनी दारावर कड्या वाढवत नेल्या आहेत. पण कडी काढायचा हक्क शेवटी फोनमालकाचाच राहिला.

कॉम्प्युटरवर हेच आधी घडून गेलंय

ही गोष्ट फोनबरोबर सुरू झालेली नाही. 1995 मध्ये जावा ही कॉम्प्युटरची भाषा आली आणि तिच्याबरोबर 'ॲपलेट' आले. ॲपलेट म्हणजे वेबसाईट उघडली की तिच्याबरोबर येऊन तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारा छोटा प्रोग्राम. कुठल्या तरी परक्या माणसाचा प्रोग्राम आपल्या मशीनवर चालायचा, म्हणून त्याला बंद पेटीत ठेवलेलं असायचं. तुमच्या फाईल वाचता येणार नाहीत, दुसरं काही उघडता येणार नाही, असे नियम होते.

पण काही कामांना पेटीबाहेर यावंच लागायचं. ठेकेदारांना हे चांगलं आठवत असेल. ई-निविदा भरताना डिजिटल सहीचा पेनड्राईव्हसारखा टोकन कॉम्प्युटरला लावायचा. ती सही वाचायची तर ॲपलेटला पेटीबाहेर सोडावं लागे. मग स्क्रीनवर प्रश्न यायचा, "हा प्रोग्राम चालवायचा का?" खाली 'रन' नावाचं बटण. ते दाबल्याशिवाय निविदा भरली जायची नाही.

रोज तेच बटण दाबून लोकांच्या बोटाला सवय लागली. प्रश्न कोण विचारतंय हे वाचायचं बंद झालं. चोरांनी याच सवयीचा फायदा घेतला. त्यांनीही ॲपलेट बनवले आणि तोच प्रश्न समोर आणला. लोकांनी 'रन' दाबलं. एकदा का हो म्हटलं की पेटीचा काही उपयोग राहत नव्हता. त्यात जावामध्ये सुरक्षेच्या त्रुटीही वारंवार सापडत गेल्या. 2014 च्या सुरुवातीपासून जावाने सही नसलेले ॲपलेट अडवायला सुरुवात केली. सप्टेंबर 2015 मध्ये क्रोमने ते चालवणं पूर्ण थांबवलं, 2017 मध्ये फायरफॉक्सनेही दार लावलं.

ॲपलेट गेले, पण त्यांनी शिकवलेले दोन धडे आजही लागू आहेत. पहिला असा, की पेटी कितीही मजबूत असली तरी किल्ली माणसाच्या हातात असते. दुसरा असा, की सही असणं म्हणजे चांगलं असणं नव्हे. सहीवरून प्रोग्राम कुणी बनवला एवढंच कळतं, बनवणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही.

कॉम्प्युटरवर आजही एक लहान भाऊ शिल्लक आहे. एखादी वेबसाईट उघडली की वरच्या बाजूला विचारलं जातं, "नोटिफिकेशन दाखवू का?" तिथे 'अलाऊ' दाबलं की पुढे दिवसभर "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे", "बक्षीस लागलंय" असल्या पाट्या येत राहतात आणि त्यांवर क्लिक केलं की फसवणूक सुरू होते. सेवा केंद्र, दूध संस्था, विकास सेवा सोसायटी यांच्या कॉम्प्युटरवर असं होत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन ती वेबसाईट काढून टाकायची. मोबाईलमधल्या क्रोमलाही हेच लागू.

एपीके फाईल: मागच्या दाराने येणारा पाहुणा

फोनमध्ये ॲप येण्याचं पुढचं दार म्हणजे प्ले स्टोअर. तिथेही अधूनमधून वाईट ॲप घुसतात, पण निदान दारावर तपासणी असते. मागचं दार म्हणजे व्हॉट्सॲप, टेलिग्राम, मेसेजमधली लिंक किंवा एखादी वेबसाईट. या दाराने येणाऱ्या ॲपच्या फाईलला 'एपीके' म्हणतात.

ओळखायची खूण सोपी आहे. फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि त्यापुढे ए, पी, के ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. खरी पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते किंवा व्हिडिओ असतो. खरी यादीही पीडीएफच असते. पत्रिका, यादी, चलन, वीजबिल, गॅसबिल, बँकेचं पत्र यांपैकी काहीही एपीके स्वरूपात येण्याचं कारणच नाही. तसं आलं तर ते ॲप आहे आणि नाव खोटं दिलेलं आहे, एवढं पक्कं समजायचं.

पाहुण्यांच्या नंबरवरून आलं म्हणून विश्वास ठेवू नका. पाहुण्यांचा फोन आधीच फसलेला असू शकतो. चोर त्यांच्या व्हॉट्सॲपमध्ये घुसून तीच फाईल सगळ्या ओळखीच्या लोकांना पाठवतात. अशी फाईल आली की उघडण्याआधी पाठवणाऱ्याला साधा फोन लावायचा: "दाजी, तुम्ही खरंच पाठवलीय का?" एका फोनने दोघांचंही भलं होतं, कारण आपला फोन फसलाय हे त्यांनाही तेव्हाच कळतं.

एपीके उघडली की फोन पहिला प्रश्न विचारतो: या मार्गाने आलेलं ॲप बसवू द्यायचं का? व्हॉट्सॲपमधून उघडली असेल तर व्हॉट्सॲपचं नाव दिसतं. हीच मागच्या दाराची कडी. इथेच 'नाही' म्हटलं तर पुढचं काही घडत नाही.

या चार परवानग्या म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या

ऑक्टोबर 2024 मध्ये गुगलने भारतासाठी प्ले प्रोटेक्टमध्ये नवी सोय जाहीर केली. मागच्या दाराने आलेलं ॲप चार ठरावीक परवानग्या मागत असेल तर त्याला आपोआप अडवायचं, अशी ही सोय. फसवणुकीचे ॲप तपासल्यावर त्यांपैकी 95 टक्क्यांहून जास्त वेळा ते मागच्या दारानेच फोनमध्ये आल्याचं गुगलने सांगितलं. त्या चार परवानग्या प्रत्येकाला पाठ असायला हव्यात.

पहिली आणि दुसरी, मेसेज घेणं आणि मेसेज वाचणं. बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो. ही परवानगी मिळाली की आलेला ओटीपी त्याच क्षणी चोराकडे जातो. "मी तर ओटीपी कुणाला सांगितला नाही" असं फसलेले लोक म्हणतात आणि ते खरंच असतं. त्यांनी सांगितलेला नसतो, ॲपने परस्पर पाठवलेला असतो.

तिसरी, नोटिफिकेशन वाचणं. वरून खाली सरकवल्यावर जे मेसेज दिसतात ते सगळे या परवानगीने वाचता येतात आणि पुसूनही टाकता येतात. म्हणूनच पैसे गेल्याची सूचना काही जणांच्या नजरेलाच पडत नाही.

चौथी आणि सगळ्यात धोकादायक, ॲक्सेसिबिलिटी. ही सोय मुळात दिसायला किंवा बोटं चालवायला अडचण असलेल्या लोकांसाठी आहे. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. अंधव्यक्तीसाठी ती हातातली काठी आहे. चोराच्या हाती मात्र ती तुमचं बोटच देते. पुढच्या परवानग्या मग ते ॲप स्वतःच मंजूर करून घेऊ शकतं.

आता चोरी कशी होते ते पाहा. पैसे काढायला चोराला दोन गोष्टी लागतात. एक, कार्डाचा नंबर, पिन, आधार अशी माहिती. ती मिळवायला खोटं ॲप बँकेच्या किंवा पीएम किसानच्या पानासारखं हुबेहूब पान दाखवतं आणि तुमच्याकडूनच भरून घेतं. दुसरी गोष्ट ओटीपी. तो मेसेजच्या परवानगीतून मिळतो. दोन्ही हाती आल्या की चोर शेकडो किलोमीटर लांब बसून खातं रिकामं करतो.

याच्याच जवळचा प्रकार म्हणजे स्क्रीन शेअर करणारे ॲप. "केवायसी करून देतो, हे ॲप घ्या आणि त्यातला नंबर सांगा" असा फोन येतो. नंबर सांगितला की तुमची स्क्रीन समोरच्याला दिसते. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. हे ॲप बनवणाऱ्यांचा दोष नसतो. ऑफिसच्या कामाला ते रोज वापरले जातात. दोष अनोळखी माणसाला स्क्रीन दाखवण्यात आहे.

मग सगळ्यांनाच 'नाही' म्हणायचं का?

नाही. सगळ्याला नकार दिला तर कामाची ॲपही चालणार नाहीत. प्रत्येक वेळी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: हे काम करायला या ॲपला ही गोष्ट खरंच लागते का?

ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतः पिकाची नोंद मोबाईलवर करतात. त्या ॲपला कॅमेरा लागतो, कारण पिकाचा फोटो काढायचा असतो. ठिकाणही लागतं, कारण फोटो त्याच शेतात काढलाय हे कळायला पाहिजे. तिथे 'अलाऊ' दाबणं बरोबर आहे. नाही दाबलं तर नोंदच होणार नाही. 'ॲप वापरत असतानाच' हा पर्याय निवडला की काम भागतं.

पीएम किसानच्या ॲपमध्ये जून 2023 पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते. त्यालाही कॅमेरा हवाच. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचे तर फोटोंची परवानगी लागणार. व्हॉइस मेसेज पाठवायचा तर माईक लागणार.

पण टॉर्चच्या ॲपला नंबरांची यादी कशाला? पंचांगाच्या ॲपला मेसेज कशाला? मुलाच्या गेमला माईक आणि ठिकाण कशाला? फोटो सुंदर करणाऱ्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी कशाला? काम आणि मागणी यांचा मेळ बसत नसेल तर 'डोन्ट अलाऊ'. चांगलं ॲप तरीही चालतं. "परवानगी दिली नाही तर ॲपच बंद" असं म्हणणाऱ्या टॉर्चला सरळ काढून टाकायचं. फोनमध्ये टॉर्च मुळातच असते.

कर्ज देणारे ॲप आणि नंबरांची यादी

पाच मिनिटांत कर्ज म्हणून जाहिरात करणारे काही ॲप वेगळ्याच कारणासाठी परवानगी मागतात. नंबरांची यादी आणि फोटो एकदा हाती आले की हप्ता थकल्यावर भावकीतल्या लोकांना, सरपंचांना, मुलीच्या सासरी फोन जातात. फोटोत फेरफार करून धमक्या दिल्या जातात. पैशापेक्षा अब्रूची भीती घालून वसुली होते.

याबाबत नियम स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाईल, फोटो, नंबरांची यादी, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. केवायसीसाठी गरजेपुरता कॅमेरा, माईक किंवा ठिकाण, तेही एकदाच आणि तुमच्या स्पष्ट संमतीने, एवढीच मुभा आहे. म्हणजे नंबरांची यादी मागणारं कर्जाचं ॲप तिथेच नियम मोडतंय. कर्ज घेण्याआधीच ही खूण दिसते, म्हणून तिथूनच मागं फिरायचं.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही हेच तत्त्व आहे. कामापुरती जेवढी माहिती लागते, संमती तेवढ्यापुरतीच धरली जाते. कायद्याने उदाहरण दिलंय ते डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपचं. सल्ला द्यायला नंबरांची यादी लागत नाही, मग ती मागता कशाला, असा त्याचा सरळ अर्थ.

घरात फोन एक, वापरणारे पाच

खेड्यातली खरी अडचण वेगळीच आहे. बँकेला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे, त्याच फोनवर पोरं गेम खेळतात, आजी कीर्तन बघते आणि शेजारचा मुलगा व्हिडिओ उतरवून देतो. 'अलाऊ' कुणी दाबलं हे कुणालाच आठवत नाही. त्यातून घरात भांडणं होतात आणि ज्याच्या हातून झालं तो भीतीने बोलत नाही.

यावर दोन साधे उपाय आहेत. जमलं तर बँकेचा नंबर साध्या बटणाच्या फोनमध्ये ठेवावा. ज्यांना यूपीआय वापरायचं नाही, त्यांच्यासाठी हे सर्वात सुरक्षित. ते जमत नसेल तर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं काढून परवानग्या तपासाव्यात. दिलेली परवानगी कधीही परत घेता येते. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतात, पण वाट साधारण अशी:

1. सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी' किंवा 'सिक्युरिटी' उघडा, त्यात 'परमिशन मॅनेजर' असतो. 'एसएमएस'वर दाबा. कोणत्या ॲपला मेसेज वाचता येतात ते दिसेल. ओळखीचं नसेल ते बंद करा. तसंच कॅमेरा, माईक, कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशनचं.

2. सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडा. 'डाउनलोड केलेले ॲप' किंवा 'इन्स्टॉल केलेले ॲप' या यादीत तुम्ही स्वतः मुद्दाम चालू न केलेलं काही असेल तर लगेच बंद करा.

3. सेटिंगमध्ये वरच्या शोधायच्या जागेत 'अननोन ॲप्स' लिहून शोधा. व्हॉट्सॲप, क्रोम, टेलिग्राम, फाईल मॅनेजर या सगळ्यांसमोरची परवानगी बंद करा. मागच्या दाराला कडी लागली.

4. प्ले स्टोअरमध्ये वर आपल्या फोटोवर दाबा, 'प्ले प्रोटेक्ट' निवडा आणि 'स्कॅन' करा. ते बंद असेल तर चालू करा. "आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा" असं एखादं ॲप किंवा माणूस सांगत असेल तर तो चोर आहे.

दाबलं गेलंच तर पहिल्या तासात काय करायचं?

चूक कुणाच्याही हातून होते. शिकलेलेही फसतात. लाजून गप्प बसणं ही मात्र दुसरी आणि जास्त महाग चूक ठरते.

सगळ्यात आधी फोनचं नेट बंद करा. 'एअरप्लेन मोड' लावला तरी चालेल. मग सिम काढून साध्या फोनमध्ये घाला. त्यामुळे पुढचे ओटीपी त्या ॲपच्या हाती लागत नाहीत. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. गुगलवर शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबरही सापडतात.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. हा देशभरासाठीचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. तक्रार लवकर नोंदली तर मधल्या खात्यात ते रोखता येतात. एकदा एटीएममधून काढले गेले की परत मिळणं अवघड. गृह मंत्रालयाच्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार करता येते. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा कोल्हापूरच्या सायबर पोलीस ठाण्यातही जाता येतं.

पुरावा पुसू नका. आलेली फाईल, पाठवणारा नंबर, पैसे गेल्याचे मेसेज यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. ते झाल्यावर ॲप काढा. काही ॲपचं चित्रच दिसत नाही किंवा ते निघायला तयार नसतात. तेव्हा गरजेचे फोटो-नंबर बाजूला काढून फोन पूर्ण कोरा करून घेणं चांगलं. सगळे पिन आणि पासवर्ड स्वच्छ फोनवरून बदला. ##002# डायल करून कॉल फॉरवर्डिंग बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघून अनोळखी मशीन काढा. आणि गावच्या ग्रुपवर टाका: "माझ्या नंबरवरून फाईल आली तर उघडू नका."

बँक पैसे देते का?

रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये व्यापारी बँकांसाठी आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी नियम केले. ज्या फसवणुकीत ग्राहकाचीही चूक नाही आणि बँकेचीही नाही, तिची खबर बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर भार येत नाही. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत भार येतो. साध्या बचत खात्याला ती मर्यादा 10,000 रुपये आहे. बँकेचीच चूक असेल तर ग्राहकावर काहीच येत नाही.

पण माहिती ग्राहकाने स्वतः दिली असेल, तर त्याला निष्काळजीपणा धरला जाऊ शकतो. अशा वेळी बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेचे. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवरच आहे. म्हणून तक्रार कधी केली, किती वाजता केली आणि तक्रारीचा नंबर काय, हे लिहून ठेवणं पैशाइतकंच मोलाचं. "उद्या बँकेत जाऊन बघू" म्हणणं परवडत नाही.

घरात आजच सांगा

उसाची बिलं जमा व्हायला लागली, लग्नसराई आली, एखाद्या योजनेच्या हप्त्याची तारीख जवळ आली की अशा फाईलींना भाव येतो. ज्याची लोक वाट बघत असतात, नेमकं त्याच नावाने चोर येतो.

आज रात्री जेवायच्या वेळी घरातल्या सगळ्यांना तीन गोष्टी सांगा. नावाच्या शेवटी ए-पी-के असलेली फाईल उघडायची नाही. मेसेज किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर घरातल्या जाणत्याला विचारल्याशिवाय 'अलाऊ' दाबायचं नाही. आणि चुकून दाबलंच तर कुणी ओरडणार नाही, पण त्याच मिनिटाला सांगायचं.

ही तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. पोराने भीतीने लपवलेला एक तास चोराला पुरेसा होतो. नंबर भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: 1930.